सोंगाला हात

सकूने आयुष्यात एकच सोंग पाडलं, आणि तेही परमुलखात, दुसऱ्याच्या पोरापायी. वांगणीच्या पाड्यावर आजही दोन बायका भांडायला लागल्या की तिसरी म्हणते, लई तोंड करू नको, सकूला बोलावू काय? मग सगळ्या हसतात. हसायला त्यांचं काय जातंय. ज्याच्या पाठीवर वळ उठले त्याला विचारा.

ही सकू म्हणजे ढवळूची धाकटी. आणि ढवळू म्हणजे वांगणीच्या बोहाड्यातला म्हैशासुर. शिमगा सरला की आमच्या जव्हार-मोखाड्याकडे गावोगाव बोहाडा होतो. देवांचे आणि राक्षसांचे मुखवटे चढवून माणसं संबळाच्या ठेक्यावर नाचतात, आणि शेवटच्या दिवशी, सूर्य वर येता येता, जगदंबा म्हैशासुराला मारते. कोणी कोणतं सोंग घ्यायचं ते घराण्यावर ठरलेलं. ढवळूच्या घरात म्हैशासुर. शिवणीच्या लाकडाचा भलामोठा मुखवटा, वर रेड्याची शिंगं. तो डोक्यावर घेऊन अर्धा तास नाचला की म्हाताऱ्याची मान अशी सुजायची की तीन दिवस वळायची नाही. लहानपणी सकूच ती मान मोहाच्या तेलाने चोळायची, आणि ढवळू डोळे मिटून तिला सांगायचा, "पोरी, मुखवटा चढला का दोन भोकांतून फक्त समोरचं दिसतं. खालचं नाय, बाजूचं नाय. म्हणून मागून कमर धरणारा माणूस लागतो. त्यानं सोडलं, का म्हैशासुर एका झटक्यात भुईला."

आणि नियम एकच, पण कडक. सोंग अंगावर असताना त्या माणसाला हात लावायचा नाही. कमर धरणारा सोडून कोणीच नाही. चुकून लागला तर गावाला नारळ-कोंबडं, आणि सोंगवाल्या घरच्या हातून निरगुडीच्या फांदीचे पाच फटके. बाई असो, बाप्या असो.

सकूचा नवरा भिवंडीला कामाला गेला आणि तिकडेच दुसरीबरोबर राहिला. ढवळूही वारला. मुखवटा आला थोरल्या भावाकडे, सुकऱ्याकडे. सकूच्या पदरात उरली तीन वर्षांची चंदना. पोर घेऊन कोणी कामाला ठेवत नव्हतं. मग काय करणार, पोरीला सुकऱ्या आणि त्याची बायको रखमी यांच्याजवळ ठेवलं आणि सकू ठाण्याला गेली, योगिताताई आणि पंकजसाहेबांच्या घरी पोरं सांभाळायला. थोरली रेवा दोन वर्षांची, आणि ओजस जन्मून अकरा दिवस झालेले. ओजसला पहिली आंघोळ घातली ती सकूनेच. पहिलं पाऊल टाकलं तेही सकूच्या बोटाला धरून. चार वर्षं तिने ते पोर कडेवरून खाली ठेवलं नाही, आणि आपली पोर वर्षातून दोनदा बघितली.

दर रविवारी ती फोन लावायची. रखमी म्हणायची, "खेळायला गेलीय." कधी चंदना फोनवर आलीच तर नुसतं हो आणि नाय. जेवलीस का, हो. शाळेत जातेस का, हो. आईची आठवण येते का, तर गप्प. सकूला वाटायचं, पोर लाजते. आईला लाजणारी पोर कुठे असते, हे तिला तेव्हा कोणी सांगायला हवं होतं. पण असो.

यंदा दिवाळी झाल्यावर योगिताताई म्हणाली, "सकू, डिसेंबरात आम्ही ऑस्ट्रियाला चाललोय, साल्झबर्गला. पोरांना घेऊन हिंडायचं म्हणजे माझ्या जिवाला घोर. तू चल. आणि एक सांगते, ही ट्रिप नीट पार पाड, मग तू तुझ्या चंदनाला इकडे आण. मागची खोली देते. इथल्याच शाळेत घालू तिला."

सकूला त्या रात्री जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवसापासून तिने ती मागची खोली पुसायला घेतली. पासपोर्टासाठी जव्हारच्या पोलीस ठाण्यात तीन खेपा घातल्या. तिथल्या हवालदाराने विचारलं, "परदेशात कशाला जातेस गं?" ती म्हणाली, "पोर आणायला." त्याला काही कळलं नाही. पण तिच्या दृष्टीने ते अगदी खरं होतं. चार वर्षांत पहिल्यांदा पोर हाताशी आली होती. मध्ये फक्त आठ दिवस होते, ते धड पार पडायला हवे होते.

साल्झबर्ग म्हणजे जुनं, दगडी शहर. मध्ये नदी, डोक्यावर टेकडी, टेकडीवर किल्ला. गल्ल्या इतक्या अरुंद की दोन्ही बाजूंची घरं एकमेकांच्या कानात बोलतील. दुकानांवर लोखंडी पाट्या लोंबतात, आणि जमिनीला फरसबंदी अशी की ओजसच्या बाबागाडीचं चाक दर दहा पावलांवर अडकतं. पहिल्या दिवशी तासाभरातच सकूने गाडी घडी करून काखेत मारली आणि पोर कमरेवर घेतलं. थंडी म्हणजे कान कापून नेणारी. योगिताताईने दिलेला जुना कोट सकूला गुडघ्याखाली येत होता, त्यात ओजसचे पायही मावायचे.

पोरांना शहर दाखवणं म्हणजे काय, ते ज्याने दाखवलंय त्यालाच ठाऊक. साहेब वाचून सांगायचे की ही चर्चची इमारत इतक्याशे वर्षांची, आणि रेवा विचारायची, इथे शू कुठे करायची. घोड्याची बग्गी दिसली की ओजस बसकण मारायचा. किल्ल्यावर ओढून नेणारी छोटी रेल्वे होती, तिच्यात तो चार वेळा बसला आणि पाचव्यांदा उतरवल्यावर लोळला. वर राजाचे दिवाणखाने होते, सोन्याचे गोळे ठोकलेलं छत होतं, ते बघायला पोरांना दोन मिनिटं पुरली.

रेवाने विचारलं, "सकूमावशी, तुमच्याकडे राजा होता?"

"होता तर. जव्हारला राजवाडा आहे. सिनेमावाले येतात तिथं."

"तोफ होती त्याच्याकडे?"

"तोफेचं नाय ठाऊक. माझ्या आज्यानं त्याच्यासाठी लाकडं वाहिली, एवढं ठाऊक."

किल्ल्यावरच्या तोफा बघून झाल्यावर साहेबांनी सगळ्यांना एका बुरुजात नेलं. तिथे जुन्या काळातली शिक्षेची हत्यारं मांडलेली. भिंतीला साखळदंड, लोखंडी बेड्या, आणि एक लोखंडी मुखवटा, लांब कान आणि जीभ बाहेर काढलेला. गुन्हेगाराच्या तोंडावर तो ठोकून त्याला चौकात उभं करायचे म्हणे, आणि येणारा-जाणारा त्याला मारायचा. लोक तिथे हसत हसत फोटो काढत होते. साहेबांनीही ओजसला त्या मुखवट्यापुढे उभं करून फोटो काढला. सकूला ते अजिबात आवडलं नाही. मुखवटा म्हणजे देवाची वस्तू, ती शिक्षेला वापरणारी ही कसली माणसं, असं तिला वाटलं. तिने ओजसला उचललं आणि बाहेर नेऊन त्याची दृष्ट काढली, मिठावाचून, नुसत्या हातानेच.

पाचव्या दिवशी संध्याकाळी चौकातल्या बाजारात ते सगळे गेले. तिकडे चार वाजताच अंधार पडतो. साहेब एका टपरीपाशी एका दाढीवाल्या माणसाशी बोलत होते, मोबाईलवर ओजसचा फोटो दाखवत होते आणि दोघं हसत होते. सकूने ते बघितलं. तिला वाटलं, रस्ता विचारत असतील. मग साहेब येऊन ताईच्या कानात काहीतरी बोलले, ताईही हसली. सकूला मात्र कोणी काही सांगितलं नाही. मोलकरणीला कोण कशाला सांगेल.

साडेपाचला पोलिसांनी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लोखंडी कठडे लावले. गर्दी झाली. आणि लांबून घंटा वाजायला लागल्या.

एखाददुसरी घंटा नाही. शेकडो. गुरांच्या गळ्यातल्या मोठ्या घंटा, आणि त्यांच्यामागून धूर, आणि धुरातून शिंगं. ती मुखवटे घातलेली माणसं होती. लाकडात कोरलेली राक्षसांची तोंडं, खऱ्या बोकडाची शिंगं, अंगावर केसाळ कातडी, कमरेला घंटा आणि हातात फोकांच्या जुड्या. तिकडे त्यांना क्रॅम्पस म्हणतात. वाईट पोरांना मारणारे, टोपलीत घालून नेणारे सैतान. सकूला हे काय माहीत? तिला इतकंच दिसलं की बापाची माणसं आली.

तिने कठड्याला टेकून हात जोडले. पोरांनाही म्हणाली, "हात जोडा. सोंग आलंय. अंगाला हात लावायचा नाय हां."

रेवाने जोडले. ओजसनेही जोडले. ताई मोबाईलवर चित्रीकरण करत होती, तिला हसू आवरेना.

सैतान कठड्याजवळून धावत फोक मारत सुटले. लोकांच्या पायांवर, पोटऱ्यांवर. नुसती नाटकी मारामारी नव्हती हो, सपासप बसत होते. एक तरुण पोरगी किंचाळून खाली बसली तर तिघांनी मिळून तिला फोडून काढलं, आणि लोक टाळ्या वाजवत होते. एका सैतानाने सकूच्या पोटरीवर असा मारला की लुगडं आणि खालची पँट असूनही कातडी जळाली. ती हलली नाही. सोंगाच्या हातचा मार, तो घ्यायचा असतो.

मग एक दांडगा सैतान त्यांच्यासमोर थांबला. पाठीला टोपली. त्याने वाकून कठड्यावरून हात घातला आणि सकूच्या कडेवरून ओजसला उचललं. तिची मिठी सुटायच्या आत पोर टोपलीत गेलं आणि सैतान चालायला लागला.

ओजस ओरडला, "सकूमावशी."

तिने साहेबांकडे बघितलं. साहेब मोबाईल धरून उभे. ताईही तशीच. दोघं जागचे हलेनात. सकूला वाटलं, भीतीने यांचे हातपाय गळाले. टोपलीत पोर काळंनिळं होऊन रडत होतं, दोन्ही हात तिच्याकडे ताणलेले, आणि टोपली धुरात चालली होती.

सकूने कठडा ओलांडला.

मधल्या सैतानांना ती गंमत वाटली. त्यांनी तिला घेरलं आणि फोक चालवले. मांडीवर, हातावर, एक गालावर. तोंडात रक्ताची चव आली. ती डोकं खाली घालून त्यांच्यातून घुसली. टोपलीवाल्याच्या मागे पोचली आणि हात पुढे केला. आणि तो हात थांबला. खरं सांगतो, थांबला. तीस वर्षांची सवय. सोंग आहे, हात लावू नको. बापाचा आवाज कानात बसलेला.

टोपलीतून ओजसने तिचे केस धरले.

मग सकूने टोपलीखालून त्या सैतानाच्या कमरेचा घंटांचा पट्टा दोन्ही हातांनी पकडला, आणि सगळं अंग बाजूला झोकून त्याला ओढलं. तो दिसायला रेड्यासारखा, पण त्याला ना खालचं दिसत होतं ना बाजूचं. एका झटक्यात भुईला. शिंग फरशीवर आपटून मोडलं, त्याच्या खांद्यातून कडकन आवाज आला, टोपली उलटली आणि ओजस हनुवटीवर पडला.

तिथे थांबायचं होतं तिने. पण पोराच्या तोंडातलं रक्त दिसलं आणि तिचं भान गेलं. ती त्या माणसाच्या छातीवर बसली. तुटलेली घंटा तिच्या हातात आली होती, तीच तिने त्या लाकडी तोंडावर घातली. एकदा, दोनदा, पाचदा. लाकडाला भेग गेली. आत कोणीतरी माणसाच्या आवाजात विव्हळत होतं, ते तिला ऐकू येत होतं, तरी ती मारत होती. बाकीचे सैतान तिच्या पाठीवर फोक हाणत होते, पण आता गंमत म्हणून नाही.

साहेबांनी तिला केसांना धरून मागे खेचलं. "अगं सकू, मीच सांगितलं होतं त्याला. व्हिडिओसाठी. दहा पावलं नेऊन परत देणार होता. वेड लागलं का तुला?"

सकूला शब्द ऐकू आले, पण कळायला वेळ लागला. ती उठली. ओजस ताईच्या मांडीवर होता, हनुवटी फाटलेली, कोटभर रक्त. सकूने सवयीने दोन्ही हात पुढे केले, ये रे बाळा. तिचे हात कोपरापर्यंत लाल होते. पोराने तिच्याकडे बघितलं, आणि आईच्या पोटात तोंड खुपसून किंचाळलं, "ती नको. ती नको."

सैतानाने उचललं तेव्हासुद्धा पोर एवढं किंचाळलं नव्हतं.

हनुवटीला चार टाके पडले. तो सैतान म्हणजे कुठल्याशा शाळेत सुतारकाम शिकवणारा मास्तर निघाला. गळपट्टीचं हाड मोडलं, दोन दात गेले. दवाखान्यात पोलीस, साहेब, मास्तर आणि एका कोपऱ्यात सकू. साहेब हात जोडून माफी मागत होते. आमची बाई अडाणी, जंगलातली, असं काहीसं इंग्रजीत चाललं होतं. तक्रार करायला मास्तर तयार होईना. हात गळ्यात बांधलेला, तोंड सुजलेलं, तो सकूकडेच बघत होता. मग त्याने काहीतरी विचारलं.

साहेब वैतागून म्हणाले, "तो विचारतोय, कमरेला धरायचं तुला कोणी शिकवलं."

"बापानं," सकू म्हणाली. "त्याला सांगा साहेब, आमच्या घरात सोंग आहे. मी त्याचा दंड भरीन."

साहेबांनी त्यातलं काही सांगितलं नाही. पुन्हा एकदा सॉरी म्हणाले.

हॉटेलवर ताईने सकूच्या तोंडात मारली. पोटात ठेवण्यासारखं नव्हतंच ते, पोराचं रक्त बघितलं होतं बाईने. पण नंतर जे बोलली ते मुस्काटीपेक्षा जोरात लागलं. "चंदनाला आणायचं विसर. माझ्या घरात तू नको, आणि तुझी पोरगी तर नकोच. तीही अशीच निघायची."

उरलेले तीन दिवस सकू खोलीत बसून होती. खिडकीतून तो किल्ला दिसायचा. ओजस शेजारच्या खोलीत रडला की ती दाराशी जायची, आणि कडीला हात न लावता परत यायची. ठाण्याला उतरल्याबरोबर तिची पिशवी दारात होती. मागची खोली तिने घासूनपुसून ठेवलेली, तिला बाहेरून कुलूप होतं.

आता कोणाही शहाण्या माणसाला वाटेल की हिने साहेबाला शिव्या घालाव्यात. पोराशी असला खेळ करणारा बाप तो, आणि शिक्षा हिला? पण सकूचं डोकं तसं चालत नव्हतं. जव्हारच्या एसटीत बसल्यावर ती सगळा वेळ एकच विचार करत होती. हात लागला. सोंगाला हात लागला, नुसता लागला नाही, त्याच्या छातीवर बसून तोंड फोडलं. म्हणून पोरगी हातची गेली. दंड भरला तर कदाचित मिळेल. हसू नका. तुम्हीही काही मनासारखं झालं नाही की काय काय धरून बसता, ते आठवा.

जव्हारला तिने नारळ घेतला आणि एक कोंबडं. जीपने वावर गावापर्यंत, आणि तिथून पायी पाड्यावर. भर दुपार होती. सुकऱ्या ओटीवर बसलेला, हातात मोबाईल. साहेबांनी तो व्हिडिओ मित्रांना पाठवला, मित्रांनी आणखी कोणाला, आणि फिरत फिरत तो वांगणीत येऊन पोचला होता. अख्ख्या पाड्याने बघितला होता. शेजारचा सोम्या, जो वीस वर्षं ढवळूची कमर धरत होता, तोही तिथेच बसलेला.

सुकऱ्या उठला नाही. "सोंगाला हात लावलास."

"लागला दादा."

"शिमग्याला गावानं आपलं सोंग नाचू दिलं नाय तर? बापाचं नाव घालवलंस, बाय."

"दंड आणलाय. फटके पण दे."

सोम्या मध्ये पडला. "काय तरी बोलतीस सकू. ते परक्या मुलखातलं सोंग. त्याला आपला दंड कशाला?"

"देव काय मुलूख बघून येतो, सोमादादा?"



चंदना भिंतीला टेकून उभी होती. सात वर्षांची, पण काठीसारखी. घोट्यापर्यंत लांब झगा, केसांत तेल नाही. सकूने पिशवीतून लाल स्वेटर काढून तिच्यापुढे धरला. पोरीने आधी मामीकडे बघितलं, मग मामाकडे, आणि ती जागची हलली नाही. सकूने स्वेटर ओटीवर ठेवला. आधी दंड होऊ दे, मग पोरीला जवळ घेईन, असं तिने मनाशी ठरवलं आणि अंगणात पाठ करून बसली.

सुकऱ्याने निरगुडीची फांदी आणली. त्याला शोधावी लागली नाही. दाराच्या मागेच होती.

पहिला फटका बसला. साल्झबर्गचे वळ अजून पुरते बुजले नव्हते, त्यांच्यावरच हा बसला. दुसरा खांद्यावर. सुकऱ्याचा हात भलताच सरावलेला होता. वर्षातून एखाद्या वेळी दंडाचे फटके देणाऱ्या माणसाचा हात असा चालत नाही, हे तिला कळायला हवं होतं. तिसरा मानेजवळ. सकू दात आवळून बसली. पण तिसऱ्यानंतर तिला एकदम ओजस आठवला, "ती नको" म्हणणारा, आणि कुलूप लावलेली खोली आठवली, आणि तिला रडू फुटलं. फटक्यांचं नव्हतं ते. पण फुटलं.

पोर पळत आली. आईच्या गळ्यात पडली नाही, मामाचा हातही धरला नाही. ती सकूच्या कानाशी उकिडवी बसली आणि हळूच, जाणत्या माणसाने नवख्याला सांगावं तसं, म्हणाली, "आई, रडू नको. रडलं का मामा जास्ती मारतो."

सकूने मान वळवली. उकिडवं बसताना झगा वर सरकला होता. पोरीच्या पोटऱ्यांवर वळ होते. काळे पडलेले, त्यांच्यावर निळे, आणि सर्वांत वर दोन लाल, कालपरवाचे.

चौथा बसला. पाचवा बसला. सकूला एकही लागला नाही. ती त्या पायांकडे बघत होती. हो, नाय, हो. चार वर्षांचे रविवार तिच्या डोळ्यांपुढून गेले.

सोम्या म्हणाला, "पाच झाले रे."

सुकऱ्याने सहावा मारला. आणि सातव्यासाठी फांदी वर नेली तेव्हा सकूने ती मागच्या मागे पकडली.

पुढचं पाड्यावर अजून सांगतात. सकू उठली, फांदी त्याच्या हातातून हिसकली आणि एक शब्द न बोलता त्याला मारायला सुरुवात केली. खांद्यावर, कानावर, हात वर केला तर हातावर. सुकऱ्या आधी हसला, मग शिव्या द्यायला लागला, मग नुसता "बाय, बाय" करायला लागला. रखमी धावून आली, तिच्याही तोंडावर एक बसला आणि ती घरात पळाली. सुकऱ्या ओटीच्या कडेला अडखळून पडला. पडल्यावरही सकू मारत होती. त्याच्या भुवईतून रक्त डोळ्यात उतरलं. कोंबडं पाय बांधलेलं तसंच फडफडत अंगणभर फिरत होतं. शेजारपाजारचे जमले, पण कोणी पुढे झालं नाही. त्या वळांची खबर त्यातल्या निम्म्यांना आधीपासून होती, म्हणून कोणाला तोंड नव्हतं.

सुकऱ्याचं हलणं थांबलं, तेव्हा कुठे सकूला आठवलं की पोर बघतेय. तिचा हात वरच्या वर राहिला. आता ही पण किंचाळणार, ही पण ती नको म्हणणार, या भीतीने तिला मान वळवायचा धीर होईना.

चंदना तिच्या शेजारी येऊन उभी राहिली होती. डोळ्यांत टिपूस नाही. तिने आईचा पदर धरला आणि शांतपणे म्हणाली, "अजून मार. तो असा पडतो आणि मग उठतो."

पोर शिकावी म्हणून सकू चार वर्षं दुसऱ्याच्या दारात राबली, आणि पोर हे शिकली होती. सैतानाच्या टोपलीतलं पोर तिला लांबून दिसलं. हे इतक्या जवळचं दिसलं नाही. तिला जीव द्यावासा वाटला, पण जीव देऊन भागणार नव्हतं, कारण पोर पदर धरून उभी होती आणि वाट बघत होती.

सोम्याने वाकून सुकऱ्याच्या नाकापुढे हात धरला. "हाय जिता," तो म्हणाला. "जा तू, सकू. मी बघतो."

तिने पोरीला उचलून कमरेवर घेतलं. सात वर्षांची पोर, पण वजन ओजसपेक्षा कमी भरलं. फांदी टाकायचं तिला सुचलं नाही. नोकरी नव्हती, खोली नव्हती, जव्हारला उतरून कोणाच्या दारात जायचं तेही ठाऊक नव्हतं. ती वावरच्या वाटेला लागली. तिच्या मागे कोणी आलं नाही. चंदनाने मात्र तिच्या खांद्यावर डोकं टेकलं नाही. ती आईच्या मानेवरून मागे बघत राहिली, घर दिसेनासं होईपर्यंत, आणि त्यानंतरही, तो उठला का म्हणून.